मायला समजेल तोच अभ्यास

"थांब भाऊ, आधी मायले सांगू दे," असं म्हणून अक्का हाताचा पंजा माझ्यासमोर धरायची, जणू मी भलत्या वेळी रस्त्यात आलेली म्हैसच. काही विचारायला गेलेला मी मग मुकाट्याने उंबऱ्यावर बसायचो. आधी मायचा नंबर, मग जगाचा.

धुळ्याला देवपुरात आमच्या भाड्याच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि राज्यसेवा परीक्षेचं खूळ आमच्या गल्लीत साथीसारखं पसरलं होतं. मलाही लागण झालेली होतीच. अक्का भडगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी. वयाने माझ्याएवढीच, पण गल्लीतले थोरसुद्धा तिला अक्का म्हणत. मुलीने शहरात एकटीने खोली करून राहणं घरी कोणालाच मंजूर नव्हतं, म्हणून तिची आई सोबत येऊन राहिली होती. तिकडे गावी कापूस वेचायला घरचं एक माणूस कमी पडत होतं आणि सुनांची कुरकुर सुरू झाली होती. शेवटी अक्काच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, निरोप धाडला. यंदाची परीक्षा द्या, झाली तर उत्तम, नाहीतर दोघींनी घरी या. पुढच्या वर्षाचं नाव काढायचं नाही.

आम्ही बाकीचे लोक पाठांतर करायचो. लाल रेघा, निळ्या रेघा, आणि शेवटी पानावर न अधोरेखलेली ओळच उरायची नाही. तुम्हीही अशी पुस्तकं पाहिली असतील. अक्काचं पुस्तक मात्र कोरं. सकाळी वाचलेलं ती दुपारी मायला अहिराणीत सांगायची. माय भाकरी थापत ऐकायची. तिने मान डोलावली तर धडा झाला, नाही डोलावली तर पुन्हा पहिल्यापासून. "मायले समजनं का मंग माले समजनं," एवढाच तिचा नियम.

आणि माय काही सोपी बाई नव्हती. राज्यसभा कधी बरखास्त होत नाही हे ऐकल्यावर ती माणसं घरी जेवायला कधी जातात, असं तिने विचारलं होतं. मी खो खो हसलो. अक्का हसली नाही. थोडे थोडे सभासद आळीपाळीने कसे निवृत्त होतात, हे तिने शेताच्या पाण्याच्या पाळीवरून नीट समजावलं. मग मायची मान डोलली.

मायचा एक प्रश्न कायमचा होता. तलाठ्याचं सांगा, कलेक्टरचं सांगा, मंत्र्याचं सांगा, ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "मंग त्याले कोन इचारस?" अक्काला दरवेळी त्याच्या वरचा माणूस शोधावा लागायचा. अशी ती बाई पायरी पायरीने थेट राष्ट्रपतीपर्यंत चढली आणि तिथेही थांबली नाही. राष्ट्रपतींना संसद विचारते, संसदेला मतदार विचारतात, असं ऐकल्यावर मायने मान वर केली. "म्हंजे मी," ती म्हणाली. ज्या राज्यघटनेला मी वर्षभर घाबरत होतो ती त्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात अशी ऐसपैस बसली होती. अक्काबद्दल त्या दिवसापासून मला जे वाटायला लागलं त्याला आदर म्हणणं कमी पडेल.

मी मुख्य परीक्षेतच गळलो. अक्काला मुलाखतीला मुंबईला बोलावलं. परत आली ती चपला न काढताच भिंतीला टेकून बसली. मुलाखत घेणाऱ्यांत एक वयस्क बाई होत्या. त्यांनी राज्यपालांचे अधिकार विचारले आणि पुढे सहज म्हणाल्या, की मग राज्यपालांना कोण विचारतं? झालं. हा तर घरचाच प्रश्न. अक्काच्या तोंडून निघून गेलं, "माय, त्याले बी इचारनारा शे." आणि पुढचं सगळं उत्तरही तिने अहिराणीतच दिलं. काय होतंय हे लक्षात आलं तेव्हा खोलीतले बाकीचे हातातली पेनं खाली ठेवून तिच्याकडे बघत होते. ती माफी मागायला उठली. बाई म्हणाल्या, बसा, आणि पुरं करा.

"गयं बठ्ठं, माय," अक्का म्हणाली. सगळं हातचं गेलं, अशीच तिची खात्री झाली होती.

मायने परातीतला हात थांबवला. "त्या बाईले समजनं का?"

"समजनं."

"मंग झायं," माय म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

निकाल लागेपर्यंत आमच्यात निवांत झोपली ती एकटी मायच. अक्का नायब तहसीलदार झाली. गल्लीभर पेढे वाटले गेले, आणि मला स्वतःच्या अपयशाचं दुःख करायची सवडसुद्धा मिळाली नाही, इतका आनंद झाला होता. नेमणूक मिळाली नागपूरकडची. कापूस फुटला होता, त्यामुळे मायला गावी जाणं भागच होतं. खोली रिकामी करून मी दोघींना बसस्थानकावर सोडायला गेलो.

भडगावची गाडी आधी लागली. माय खिडकीशी बसली. अक्काला तिने काही उपदेश केला नाही. "येळवर जेवजो," एवढंच म्हणाली आणि समोर बघत राहिली. गाडी मागे सरकली, वळली. नापास झाले असते तर आत्ता मी मायच्या शेजारी बसले असते, असं अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली. तिची ट्रंक माझ्या हातात होती.

नागपूरच्या गाडीची घोषणा झाली. अक्काने पदराने डोळे पुसले, माझ्या हातातून ट्रंक घेतली आणि गर्दीतून वाट काढत एकटी निघाली.