दसऱ्याला उघडलेला लाइट

बुऱ्हाणपुरात बसून मी समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी लाइट बनवतो, हे ऐकलं की लोक आधी हसतात. हसू देत. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण केळीच्या बागांमधल्या बोअरच्या मोटारी दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि वीज पाण्यापासून कशी लपवायची ते मला चांगलं कळतं. ॲल्युमिनियमची नळी नेपानगरचा एक निवृत्त टर्नर लेथवर कातून देतो. पुढे जाड ॲक्रिलिक, आत बॅटरी आणि एलईडी, मागे आवळायचं झाकण आणि झाकणाला रबराची रिंग. सगळा खेळ त्या रिंगेचा. तिच्याखाली केस आला तरी पाणी आत शिरतं.

म्हणून प्रत्येक लाइट मी आत टिपकागद घालून दिवसभर दाबाच्या टाकीत ठेवतो. कागद कोरडा निघाला तरच पार्सल बांधतो. सोबत चिठ्ठी असते: झाकण एकदा जरी उघडलंत तरी पुन्हा तपासल्याशिवाय पाण्यात उतरू नका. मालवणहून फोन येतात, ‘साहेब, तुमच्या लाइटपेक्षा तुमच्या सूचना जास्त.’ मला राग येतो. खाली उतरणार तुम्ही, जीव तुमचा, आणि काळजी मी करायची.

गावात माझं एकच गिऱ्हाईक होतं. माझ्याच वयाचा, तोंडाळ, कायम घाईत. काही वर्षं मालवणला बोटीवर काम करून तो स्कूबा शिकून आला होता, आणि येताना एक जुना सिलेंडर घेऊन आला होता. तापीत कोणी बुडालं की पोलीस त्यालाच बोलावत. पावसाळ्यानंतर तापीचं पाणी चहासारखं असतं. लाइट लावला तर आपला हात दिसतो, एवढंच. त्याला तेवढं पुरायचं. त्याचा लाइट चार्जिंगला माझ्याकडेच असायचा. फोन आला की तो घेऊन जायचा.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. त्या सकाळी मी पाने-पकडी, मल्टीमीटर, तयार लाइट असं सगळं पाटावर मांडलं. आई हळद-कुंकू, अक्षता घेऊन बसली आणि अडली.

“दिवा आत अन् कुंकू बाहेर, ही काय पूजा झाली? झाकण खोल.”

मी हसलो आणि सगळी झाकणं उघडून दिली. तिनं आतल्या बॅटरीला कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. सणाच्या दिवशी कोण वाद घालणार?

चारच्या सुमाराला तो मोटारसायकलवर आला. घाटावर देवीची मूर्ती उतरवताना कलंडली होती आणि मंडळाचा एक माणूस तिच्याखाली गेला होता. मी पाटाकडे वळलो तशी आई म्हणाली, “आज नको हात लावू, पूजा मोडते. उद्या उचल.” मी तिच्यावर खेकसलो, की उद्या त्या माणसाचं काय लोणचं घालू? लाइट गमछ्यानं पुसला, झाकण आवळलं. शेवटच्या फेऱ्याला काहीतरी किंचित किरकिरलं. ते मला बोटांना लागलं. उघडून बघायला हवं होतं.

“चल ना भाऊ, लाइट देऊन राहिला की पोरगी?” तो दारातून ओरडला. गाडी त्यानं बंदही केली नव्हती. मी लाइट दिला आणि त्याच्या मागेच बसलो.

कमरेला दोर बांधून तो उतरला. दहा मिनिटं दोर नीट सरकत होता. मग दोराला हिसके बसू लागले. आम्ही सात-आठ जणांनी ओढला, तो हलेना. खाली मूर्तीचा सांगाडा होता, बांबू, तार आणि साड्या. आमचे दोघे पट्टीचे पोहणारे नुसत्या श्वासावर खाली जाऊन हात हलवत परत आले. काही दिसत नव्हतं. त्याची बायको धावत आली, तिनंही दोर धरला. तो उतरून अर्धा तासही झाला नसेल, दोराचे हिसके थांबले. लोक म्हणाले, संपलं. आम्ही दोर सोडला.

सकाळी बाहेरचं पथक आलं आणि क्रेननं सांगाडा उचलला. दोघांचीही प्रेतं निघाली. लाइट त्याच्या मनगटालाच होता. चाकू हातात होता, पण कुठे कापायचं ते दिसलं नसणार. सिलेंडर रिकामा होता. उतरताना तो पूर्ण भरलेला होता, आणि एवढ्या खोलीवर भरलेला सिलेंडर तासभर पुरतो.

पंचनामा झाल्यावर लाइट मला परत मिळाला. उघडला तेव्हा आतून लालसर पाणी सांडलं. रिंगेखाली तांदळाचा चपटा तुकडा होता. आई अक्षता निवडून अख्ख्या घेते. तुकडा माझ्या आवळण्यानं झाला होता.

गाव म्हणालं, देवीनं नेला. आई म्हणाली, तू पूजेतून उचललास म्हणून झालं. तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते. मी तिला खरं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. कुंकू तिचं असलं तरी झाकण माझं होतं.

पण त्याच्या बायकोला सांगायचंच होतं. तेराव्यानंतर गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तांदूळ, किरकिर, न केलेली तपासणी. शिव्या देईल, चप्पल काढेल, असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं एवढंच विचारलं, “लाइट गेल्यावर ते किती वेळ होते?”

“लगेच गेला, वहिनी. कळलंसुद्धा नसेल.”

“सिलेंडर भरायला इंदौरला मीच जायची ना त्यांच्यासंगं. खोटं नका बोलू, भाऊ.”

“पाऊण तास,” मी म्हणालो.

हातातला ओला कपडा तिनं दोरीवर टाकला नाही.

“म्हणजे आपण दोर सोडला, तेव्हा ते होते.”