उलटा बसलेला पंखा

नांदेड ही माझी शेवटची पोस्टिंग. मी ईएमईचा, लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलाचा हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. मूळचा बिलोलीकडचा, त्यामुळे घराजवळ आल्यासारखं वाटायचं. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. टपालावर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून वर नवं लिहिलेलं असायचं.

दिनक्रम ठरलेला. सहाला पीटी, आठला एमटी शेड, म्हणजे गाड्यांची शेड. शेडमध्ये जीपा आणि त्यांच्याहून जुनी एक मोटार. एके दिवशी संध्याकाळी मी त्या मोटारीचा वॉटर पंप बदलत होतो. पंप बसला होता, पंखा लावायचा राहिला होता. तेवढ्यात युनिटचे प्रमुख, सीओ साहेब, हातात तार घेऊन आले.

"हवालदार, उद्या जळकोटजवळच्या एका गावी जायचं. लान्स नायक गौतम. अस्थी सकाळच्या रेल्वेनं येतील. वडील इथूनच सोबत निघतील. ओळखतोस त्याला?"

"येस सर. ट्रेनिंग सेंटरला मी शिकवायचो, तेव्हा माझ्या क्लासमध्ये होता. ड्रायव्हर."

साहेबांनी गौतमच्या अपघाताचा रिपोर्ट तोंडी सांगितला. "जीपा दुष्काळाच्या कामावर गेल्यात. हीच मोटार न्यायची. चारच्या आत पोच."

"येस सर."

मी पंखा बसवला. चार बोल्ट आवळले, पट्टा ताणला. हात चालत होते. मी तिथं नव्हतो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला निघालो. गौतमचे वडील किसनबाबा माझ्या शेजारी बसले. पांढरं धोतर, पांढरा सदरा. कलश पांढऱ्या कापडात बांधलेला. झोपलेलं लेकरू घ्यावं तसा त्यांनी तो मांडीवर धरला होता.

लोह्यापर्यंत रस्ता मोकळा. इंजिनच्या तापमानाची सुई मध्यावर स्थिर. दोन्ही बाजूंची रानं उघडी पडलेली, मातीचा रंगही उडालेला. लांब रस्त्यावर पाणी चमकायचं, जवळ गेलं की नाहीसं व्हायचं. मोटार पुढं जात नाही, रस्ताच मागं वाहतोय असं वाटत होतं. बाबा काहीतरी पुटपुटत होते. बऱ्याच वेळानं कळलं, ते कलशाला गावं दाखवत होते. "हे लोहा. आता कंधार येईल. तुझ्या मावशीचं गाव हाय बघ तिकडं."

मीही त्या बाजूला पाहू लागलो.

कंधारच्या पुढं दुष्काळी काम चालू होतं. शेकडो माणसं खडी फोडत बसलेली. फर्स्ट गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं निघालो. पाच मिनिटांत सुई वर चढली. बारा चाळीसला बॉनेटमधून वाफ आली. मोटार बाभळीखाली घेतली आणि बंद केली.

रस्त्यालगत एका शेतकऱ्याचा आखाडा होता, रानातलं बिऱ्हाड. झोपडीतून एक बाई घागर घेऊन आली.

"मोटारीला पायजे का पाणी?"

बाबा म्हणाले, "नको बाई. तुमाला प्यायला न्हाई, मोटारीत कुठं वतता?"

"टँकर परवा आलता. हाय एवढं. मांडीवर काय हाय बाबा?"

"लेक हाय माझा. मिलट्रीत होता."

बाईनं घागर खाली ठेवली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि तिथंच मातीत बसली.

बाबांनी मला विचारलं, "एवढ्या पाण्यात गाव गाठल का, साहेब?"

"न्हाई बाबा. धा मैलात पुन्हा उकळल. आधी खोट हुडकावी लागल."

मी विचार केला. वेगात गाडी गार राहते, कारण समोरचा वारा रेडिएटरला लागतो. हळू चालताना हवा ओढायचं काम पंख्याचं. म्हणजे पंख्याकडं पाहायचं. पाऊण तास इंजिन निवू दिलं. पट्टा दाबून पाहिला, ताठ होता. पंपातून गळती नव्हती. मग मिनिटभर इंजिन चालू केलं. पंखा फिरत होता. समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरला आणि सोडला. पंखा नीट हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटतो. तो सरळ खाली पडला.

इंजिन बंद करून वाकून पाती पाहिली. त्यांचा बाक उलट्या अंगाला होता. पंखा उलटा बसला होता. फिरत होता, पण हवा नावापुरती ओढत होता.

मी उभा राहिलो. "बाबा, चूक माझी हाय. पंखा काल मीच उलटा बसवला."

"काल कवा?"

"गौतमचं कळलं, तवा."

बाबांनी कलशावरचं कापड सारखं केलं. "मंग हातानं तरी काय करावं," ते म्हणाले. "घ्या आता सुलटा करून."

डायनामो सैल केला, पट्टा उतरवला, चार बोल्ट काढले. पंखा फिरवून बसवला. इंजिन चालू केलं. कागद जाळीला चिकटला. इंजिन पुन्हा बंद केलं. रेडिएटरचं झाकण फडक्यानं उघडून हळूहळू पाणी घातलं. अर्धी घागर पुरली. उरलेली अर्धी बाबांनी बाईच्या हातात परत दिली. अडीचला निघालो. पुढच्या खडीच्या कामावरही सुई हलली नाही.

तीन पन्नासला गावात पोचलो. विहाराच्या अंगणात सगळं गाव उभं होतं. भन्तेजींनी त्रिशरण दिलं. मी सॅल्यूट केला. शेवटी गौतमची आई, भागाबाई, माझ्याजवळ आली. ती रडत नव्हती.

"साहेब, गाडी दरीत गेली म्हणत्यात. माझ्या लेकराची चूक होती का?"

"न्हाई माय. डोंगरातला रस्ता फुडं खचत होता. त्यानं गाडी थांबवली, मागच्या पाच जणायला उतरवलं. मग गाडी मागं घेत होता, तवा त्याच्याखालचा रस्ता गेला."

"ते पाची हायेत?"

"हायेत."

"नावं काय त्यायची?"

मला माहीत नव्हती. तसं सांगितलं.

"कळवा," ती म्हणाली.

गौतमच्या युनिटला पत्र लिहून मी नावं मागवली आणि गावी पाठवली. पेन्शनवर आल्यावर एकदा त्या गावी गेलो. भागाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. वंदना झाल्यावर तिनं पाचही नावं रँकसकट, न अडखळता म्हटली. त्यात एक मद्रासी नाव होतं, तेही बरोबर. शेवटी ती म्हणाली, "लान्स नायक गौतम किसन."

मी सावधानमध्ये उभा होतो.