शिपायाची साक्ष

तेल पाजलेल्या चामड्याचा वास आला की मला पोलीस चौकीतला पट्टा आणि नंदुरबारचं कोर्ट आठवतं. इंग्रजांचा अंमल होता. म्हसावदच्या एका चोरीत नसता संशय घेऊन फौजदारानं मला चौकीत पट्ट्यानं इतकं मारायला लावलं, की उजवा हात कायमचा अधू झाला. मी फौजदारावर नुकसानीचा दावा लावला, तर माझे साक्षीदार एकेक करून फिरले. शेवटी फौजदाराच्या वकिलानं चौकीतल्या म्हाताऱ्या शिपायाला उभं करून विचारलं, "हा माणूस पळताना विहिरीच्या पायऱ्यांवर पडला ना?" शिपायानं माझ्या हाताकडे पाहिलं. "नही सायेब," तो न्यायाधीशांना म्हणाला, "मीच मारं यास्ले. फौजदारना हुकूम व्हता. यास्ना काही गुन्हा नव्हता." पंख्याची दोरी ओढणाराही थांबला. ज्याच्या हातचा मार खाल्ला, तोच माझ्या बाजूनं बोलत होता! दुपारी तो बाहेर चिंचेखाली एकटाच बसला होता. मी त्याच्या जवळूनच पुढे निघून गेलो. पुढे मी दावा जिंकलो आणि त्याची नोकरी गेली. आज वाटतं, त्या उन्हात त्याला निदान पाणी तरी विचारायला हवं होतं.