झाडाला पाणी किती घालायचं

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या खिडकीशी कुंडीत एक झाड आहे. सुरूसारखं दिसतं. नर्सरीवाला त्याला ख्रिसमस ट्री म्हणतो. बारा महिने हिरवं राहतं म्हणून आमच्या हिने आणलं. मला त्यात कौतुक एवढंच, की पानांचा केर होत नाही.

ही गेली दिवाळीच्या आधी. दवाखान्यात सारखी पाणी मागत होती. डॉक्टर म्हणाले, देऊ नका, छातीत जाईल. मी ऐकलं. तोंडात पाणी घातलं ते गेल्यावर. तेव्हा घालून काय उपयोग?

घरी आलो आणि झाडाला पाणी घालत सुटलो. सकाळी तांब्या, दुपारी तांब्या, झोपताना आणखी एक. खालच्या फांद्या तपकिरी पडायला लागल्या. मला वाटलं, कमी पडतंय. मग आणखी घातलं.

मुलगी वाघोलीहून आली. कुंडीखालची ताटली तुडुंब भरलेली बघून ओरडलीच.

"बाबा, झाड पाळलंय का म्हैस?"

"पाण्यावाचून झाड जगतं होय? कॉलेजात हेच शिकवलं का?"

तिने मातीत बोट घातलं, माझ्या नाकाशी धरलं. कुबट वास. "मुळं कुजतायत. वरची माती कोरडी लागेपर्यंत थेंबसुद्धा घालायचा नाही."

"आणि त्याला तहान लागली तर?"

तिने कुंडीखालून ताटली ओढली. दवाखान्यात तीही होती. मग ताटली मोरीत रिकामी करून आली आणि हळू आवाजात म्हणाली, "याला नाही लागलेली, बाबा. बोट घालून बघत जा. लागली की कळेल."

वाळलेल्या फांद्या तिने कात्रीने कापल्या. त्या जागी नव्या येत नाहीत म्हणाली. झाड उघडं पडलं, माझ्यासारखंच.

न घालणं फार अवघड गेलं. हातात तांब्या घेऊन उभा राहायचो. बोट घालायचो. ओलं. तेवढं पाणी शेवटी मीच पिऊन टाकायचो. मुलगी फोनवर म्हणायची, "चला, तुम्ही तरी पाणी प्यायला लागलात."

या आठवड्यात शेंड्याला पोपटी फुटवा दिसला. मऊ आहे, लहान बाळाच्या केसांसारखा. काल बोट घातलं तर माती कोरडी. दोनदा बघितलं, खात्री केली. मग सावकाश घातलं पाणी, माती पीत होती तोवर.