मूठभर ओट्सचा फर्डिनांड

सिंगापुरातल्या आमच्या सेरंगूनच्या ब्लॉकमध्ये प्रेमाइतकी भित्री बाई दुसरी नव्हती. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही. कुणी बेल वाजवली तर आधी छातीवर हात ठेवायची, मग दार उघडायची. नवरा शामकांत जहाजावर इंजिनीअर, वर्षातला बराचसा काळ समुद्रावर. मी तिची शेजारीण, बँकेत नोकरी करणारी, तोंडाने फटकळ. भित्र्या माणसांचा मला राग येतो.

पण प्रेमाची भीती उगाच आलेली नव्हती. तिची दोन मुलं गेली होती. पहिल्याला आजोबांचं नाव दिलं, दुसरीला पत्रिकेतलं अक्षर बघून. बारसं झालं आणि थोड्याच दिवसांत दोन्ही गेली. डॉक्टरांनी सांगितलेली कारणं तिला पाठ होती, पण मनाने एकच धरलं होतं. नाव ठेवलं की चित्रगुप्ताला पत्ता सापडतो.

२००३ च्या सुरुवातीला तिसरा मुलगा झाला आणि तिने बारसंच नाकारलं. नुसतं ‘बाळ’. आणि त्याच सुमाराला सिंगापुरात सार्सची साथ आली. हॉस्पिटलांचे दरवाजे पाहुण्यांना बंद झाले, शाळा बंद झाल्या, एमआरटीमध्ये कुणी खोकलं की डब्याचा निम्मा भाग रिकामा व्हायचा. प्रेमा बाळाच्या कपाळाला सारखा हात लावायची. मग स्वतःच्या. मग पुन्हा त्याच्या.

समोरच्या फ्लॅटमध्ये अंकल फर्डी राहायचे. युरेशियन, म्हणजे युरोपी आणि आशियाई मिश्र घराण्यातले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. जन्मभर बंदरात माल मोजायचं काम केलं होतं. संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून काळी कॉफी पीत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला धरून, इथल्या पद्धतीने वाक्याला ‘लाह’ची शेपटी लावत, आपल्या नावाची गोष्ट ऐकवायचे. मला ती तोंडपाठ झाली होती. त्यांचं पूर्ण नाव फर्डिनांड. मूळ जुन्या जर्मन टोळ्यांचं. त्यांतले गॉथ लोक ते घेऊन स्पेनमध्ये गेले, तिथे त्याचं फर्नांडो झालं. पोर्तुगालात फेर्नांव. इटलीत फर्दिनांदो. बंदरात एक हंगेरियन खलाशी यायचा, तो त्यांना नांदोर म्हणायचा, आणि फिलिपिनो पोरं नांदिंग.

“अर्थ काय?” प्रेमाने एकदा विचारलं.

“हाफ इज ब्रेव्ह. दुसरा हाफ, काही पंडित म्हणतात प्रवास, काही म्हणतात शांती. मी म्हणतो, मॉर्निंग प्रवास, नाइट शांती. बोथ कॅन लाह!”

आम्ही हसलो. प्रेमा हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

“शैलाताई, मला ते नाव हवंय. प्रत्येक गावात ज्याचं रूप बदलतं ते नाव यमाला कसं सापडेल?”

तिच्या आजोळी, देवगडकडे, मुलं जगत नसली की नवं मूल सुपात घालून शेजारणीला देऊन टाकत आणि मूठभर कोंडा देऊन परत विकत घेत. मग त्याला कोंडू म्हणत. मरणाला वाटावं, हे कोंड्याच्या मोलाचं पोर, नेऊन काय करायचं?

“मग कोंडूच म्हण की,” मी म्हटलं.

“ते नाव त्याला पाठ झालं असेल हो. किती कोंडू नेले असतील त्याने!”

आम्ही अंकलच्या दारी गेलो, ते लगेच तयार झाले. सूप नव्हतं म्हणून कपडे वाळत घालायची टोपली घेतली. कोंडा नव्हता म्हणून ओट्स. अंकलनी बाळ हातात घेतलं, त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, आपलं नाव दिलं आणि मूठभर ओट्स घेऊन परत केलं. मी भिंतीला टेकून बघत होते. थोतांड म्हणायचं मनात होतं, पण म्हातारा इतका गंभीर झाला होता की म्हणवलं नाही.

सकाळी त्यांनी ते ओट्स शिजवून खाल्ले. त्यांना कोण सांगणार की ते खायचे नसतात, पाण्यात सोडायचे असतात? प्रेमाने ऐकलं आणि धावत माझ्याकडे आली. “पोराचं मोल खाल्लं त्यांनी,” ती म्हणाली. “आता पोरावरचं त्यांच्यावर जाईल.”

“वेडी आहेस,” मी म्हटलं.

त्याच आठवड्यात अंकलना ताप भरला. नखशिखान्त झाकलेली माणसं आली आणि त्यांना ॲम्ब्युलन्समधून घेऊन गेली. आम्हाला घराबाहेर पडायची मनाई झाली. प्रेमा आणि बाळ माझ्या भिंतीपलीकडे. बाळ रडलं की मला वाटायचं, ताप तर नाही? आणि रडायचं थांबलं की त्याहून वाईट वाटायचं. कशालाही न भिणारी मी भिंतीला कान लावून बसायचे.

नंतर कळलं की तो सार्स नव्हताच, न्यूमोनिया होता. आम्ही सुटलो. अंकल मात्र सुटले नाहीत. भेटायला कुणाला सोडत नव्हते, म्हणून एका नर्सने त्यांच्या कानाला फोन लावून दिला. प्रेमाने माझ्या घरातूनच केला, स्पीकरवर. नंबर मी फिरवला.

“अंकल, माझी चूक झाली. मरणाला मी तुमच्या दारात पाठवलं.”

पलीकडून धापा टाकत आवाज आला.

“गर्ल, ते माझं दार आधीपासून ओळखतं लाह. मी म्हातारा. यू डोन्ट स्टॉप द नेम हिअर, ओके? त्याला पुढे जाऊ दे.”

दोन दिवसांनी अंकल गेले.

आता ते नाव मेलेल्या माणसाचं झालं होतं. यमाने घर शोधून काढलं होतं. शामकांतने जहाजावरून फोन करून नाव बदलायला सांगितलं. मीही सांगितलं, अंकुर ठेव, सारंग ठेव, काहीही ठेव. प्रेमा रात्ररात्र जागायची, जेवायची नाही. आणि एका सकाळी म्हणाली, “शैलाताई, बारसं करूया. आत्याचा मान तुमचा.”

“नाव?”

“अडचणीत होते तेव्हा त्यांच्या दारी जाऊन नाव मागितलं. आता ते गेले म्हणून टाकून देऊ? त्यांच्या मागे दुसरं कोण आहे त्यांचं नाव चालवायला?”

पाळणा मांडला. बायका जमल्या. मी बाळाच्या कानाशी वाकले, कुर्रर्र केलं, आणि माझ्या तोंडून पुढचा शब्द फुटेना. जन्मभर या गोष्टींना हसणारी मी! बाळाचा कान माझ्या ओठांना लागला होता, इवलासा, गरम, आणि मला वाटत होतं, मी बोलले आणि कुणी ऐकलं तर?

प्रेमाने मला बाजूला सारलं. तिने कानात नाही सांगितलं. कॉरिडॉरच्या पलीकडे, अंकलच्या कुलूप लावलेल्या दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “फर्डिनांड!”

त्याला आता सहावं लागलंय. शाळेत त्याला फर्डी म्हणतात. संध्याकाळी तो खाली खेळायला जातो आणि त्याला वर बोलवायला प्रेमा कॉरिडॉरमध्ये येते. हाक मारण्याआधी तिचा हात अजून छातीवर जातो. मग ती पूर्ण नावाने हाक मारते आणि त्याचं “कमिंग लाह!” ऐकू येईपर्यंत श्वास रोखून उभी राहते. आणि माझ्या दारात मीही.