यादीतला शेवटचा नंबर

ऑपरेटरबाई रिटायर झाल्या खऱ्या, पण कंपनीच्या टेलिफोनला ते कोणी सांगितलंच नाही.

पाण्याच्या मोटारी बनवणारी कंपनी. जाहिरातीत सहा नंबर, आणि कुठलाही फिरवा, फोन आधी विक्रीच्या टेबलावर वाजायचा. तिथे चार रिंगांत कोणी उचलला नाही की तक्रारीच्या टेबलावर, मग स्टोअरमध्ये, मग हिशेबनिसाकडे. ही साखळी बाईंनीच लावलेली. साखळीच्या शेपटाला त्यांनी स्वतःचा मोबाइल टाकून ठेवला होता, कारण दुपारी एक ते दोन सगळं ऑफिस डबे घेऊन गच्चीवर जायचं आणि फोन बिचारे खाली बोंबलत बसायचे. बाई एका हाताने जेवायच्या आणि दुसऱ्या हाताने कंपनी चालवायच्या. एकोणतीस वर्षं!

निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, घड्याळ दिलं, टाळ्या वाजल्या. यादीतून नंबर काढायचं मात्र कोणालाच सुचलं नाही, बाईंनासुद्धा नाही. चौथ्या दिवशी एक वाजून सात मिनिटांनी घरी मोबाइल वाजला. पडद्यावर कंपनीचा नंबर. बाई आमटी ढवळत होत्या. गॅस बंद करून, घसा साफ करून त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, बोला."

तेव्हाच कंपनीला कळवायला हवं होतं. मलाही कळतं, बाईंनाही कळत होतं. पण कळवायचं म्हणजे बंद करायचं. दीड खोलीचं घर, लग्न केलं नव्हतं, भाऊ होता तो गेला. भाची रविवारी फोन करायची, तोही "आत्या, बरी आहेस ना, ठेवते" एवढाच. भाजीवाल्याशी बोलून बोलून किती बोलणार? मंगळवारी सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही हे बाईंच्या बुधवारी लक्षात यायचं. त्यात हा एक तास. माणसं चिडायची, ओरडायची, पण बाईंशी बोलायची! साडेबारालाच जेवण उरकून, केस विंचरून त्या वही घेऊन खिडकीशी बसायला लागल्या. फोनवर केस कोणाला दिसणार आहेत, पण असो.

"साहेब जेवायला गेलेत. लिहून घेतलंय. दोननंतर तुम्हाला फोन येईल." एकोणतीस वर्षांचं पाठ वाक्य. माणूस शांत व्हायचा.

त्यांतले एक मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, दुसऱ्या मजल्यावर राहणारे, बायको अंथरुणाला खिळलेली. नवी मोटार दहा दिवसांत बंद पडली होती. दुपारी बायकोचा डोळा लागला की ते फोन करायचे. आधी मोटारीबद्दल, मग बायकोबद्दल, मग, "तुम्ही जेवलात का हो बाई?" हे बाईंना विचारणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. सव्वा वाजला की त्यांचे कान टवकारायचे.

तेराव्या दिवशी मास्तरांचा आवाज दमलेला होता. "बाई, रागावू नका. तुम्ही रोज म्हणता फोन येईल, पण एकदाही आला नाही हो. मी बादल्या वर नेतो. काल जिन्यात पडलो. मला लागलं त्याचं काही नाही, पण ती वर एकटी हाका मारत होती."

फोन येत कसा नाही? दोन वाजता राहिलेल्या फोनांची यादी तक्रारीच्या टेबलावर निघते आणि एकेकाला उलट फोन जातो. ही पद्धतही बाईंचीच, साहेबांशी भांडून सुरू केलेली. आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. यादीत येतो तो न उचललेला फोन! मास्तरांचा तर रोज उचलला जात होता. बाई ऑफिसात होत्या तोवर वहीतल्या तक्रारी स्वतः उठून टेबलावर नेऊन द्यायच्या. आता वही इथे, खिडकीत, बाईंच्या मांडीवर. ऑफिसच्या लेखी मास्तर समाधानी गिऱ्हाईक होते.

"तुमचा नंबर परत सांगा मास्तर," त्या कशाबशा म्हणाल्या. "चूक माझी आहे. सगळी माझी."

फोन ठेवून त्यांनी लगेच कंपनीला लावला. दोन वाजेपर्यंत थांबायचा धीर कुठला? विक्रीच्या टेबलावर चार रिंगा, तक्रारीकडे चार, मग स्टोअर, मग हिशेबनीस. सगळे गच्चीवर. शेवटी बाईंचा आवाज नेहमी यायचा तिथे टूं टूं टूं वाजलं. लाइन बिझी! कोणाची, हे त्यांना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा मोबाइल कानाला तसाच धरून त्या रडल्या. अगदी हुंदके देऊन.

दोन वाजून एक मिनिटाने तक्रारीच्या टेबलावरच्या नव्या माणसाने उचलला. बाईंनी आधी मास्तरांची तक्रार सांगितली, मग वहीतल्या बाकीच्या अकरा, मग साखळीचं.

"अरेच्चा, आहे की शेवटी एक नंबर! काढू?"

"काढा."

खटखट ऐकू आली. "काढला, मॅडम. आणि त्या मास्तरांकडे आजच माणूस पाठवतो. तुम्ही त्यांच्या कोण?"



"कोणी नाही," त्या म्हणाल्या, आणि मास्तरांचा नंबर त्यांनी पुन्हा एकदा, एकेक आकडा सुटा करून, सांगितला.