कुंदाताईंच्या रॅकमधली पाचवी स्लाइड

दरवर्षी मुलांना काचेच्या स्लाइडवर जंतू रंगवायला शिकवतो, पण या एका स्लाइडबद्दल आजवर तोंड उघडलं नाही. बायकोजवळही नाही. आज तुम्हाला सांगतो — जमेल का, कोण जाणे.

आधी कुंदाताई. नागपुरातल्या एका लहानशा लॅबमध्ये मी शिकाऊ होतो, त्या तिथल्या टेक्निशियन. खाप्याहून रोज बसने यायच्या. काय हात होता हो बाईंचा! आधी जांभळा रंग, मग आयोडिन, मग स्पिरिट — आणि सगळा खेळ या स्पिरिटचाच. कमी पडलं तर सगळेच जंतू जांभळे राहतात. जास्त झालं तर सगळ्यांचाच जांभळा धुऊन जातो आणि शेवटच्या रंगाने सरसकट गुलाबी दिसतात. आणि जंतू जांभळा की गुलाबी, यावरच पेशंटचं औषध ठरतं. आम्ही सेकंद मोजूनही चुकायचो. ताई नुसत्या काचेवरून ओघळणाऱ्या थेंबाकडे बघायच्या. तो नितळ झाला, की लगेच पाणी. मी आपला बघतच राहायचो! एवढी कदर मी पुढे मोठमोठ्या प्रोफेसरांचीही केली नाही.

मग असं काहून केलं मी?

शिकाऊंनी पेशंटच्या स्लाइडला हात लावायचा नाही, असा तिथला नियम. एका दुपारी ताईंना काउंटरवर बोलावलं. चार स्लाइड झाल्या होत्या, पाचवी रंगवायची राहिली होती. म्हटलं, आपणही ताईंसारखी करून बघू. मध्येच मोबाइल वाजला — आणि स्पिरिट वाहतच राहिलं. स्लाइड गुपचूप रॅकमध्ये ठेवून दिली.

ताईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही. गोल दाण्यांचे झुबके, आणि गुलाबी? असे झुबके जांभळेच निघायचे. त्यांनी मला विचारलं, "ही बी मीच केली ना गा?"

मी म्हणालो, हो.

स्वतःच्या हातावर भरवसा ठेवून त्यांनी रिपोर्ट लिहिला. पुढच्या तपासणीत चूक कळेपर्यंत पेशंटला दोन दिवस भलतंच औषध गेलं. तो बरा झाला, त्याचं नशीब. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर ताईंना झापलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मायाच हात चुकला असन, सर." आणि मी? तिथेच उभा होतो.

त्यानंतर ताई थेंबाकडे बघेनात. घड्याळ लावायला लागल्या. एकेक नमुना दोनदा रंगवायच्या, तरी खात्री पटायची नाही. महिन्याभरात त्यांनी रक्त घ्यायच्या काउंटरवर बदली मागून घेतली. जाताना आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "तुया हात चांगला हाय गा. तू बस."

मी बसलो.